रॉजर विल्यम्स याची हद्दपारी

राजाच्या चर्चचा जाच नको म्हणून प्युरिटन लोक १६३० सालीं इंग्लंड सोडून अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथें आले. परंतु स्वतःकरितां मागितलेली मोकळीक शेजाऱ्याला द्यावयास ते तयार नव्हते. रॉजर विल्यम्स हा त्यांच्यांतलाच धर्मोपदेशक. सरकारनें माणसाच्या ईश्वरभक्तींत हात घालूं नये, आणि इंडियनांची जमीन राजाच्या सनदेनें आपली होत नाहीं, असें तो उघड बोलूं लागला. (शाळेंत हा दुसरा मुद्दा मीं कधींच सांगितला नाहीं, याचें आतां वाईट वाटतें.) १६३५ सालीं त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. पुढील जानेवारींत, भर हिमांत, तो निसटला. इंडियनांनींच त्याला आसरा दिला. १६३६ सालीं नॅरागॅन्सेट जमातीच्या प्रमुखांकडून जमीन मिळवून त्यानें प्रॉव्हिडन्स वसविलें. तेथें बहुमताचा अंमल केवळ ऐहिक व्यवहारापुरता असे.

क्वेकर पंथाचीं मतें त्याला मुळींच रुचत नसत. मॅसॅच्युसेट्सनें त्या पंथाच्या चौघांना फांसावर चढविलें. १६६० सालीं बोस्टन येथें मेरी डायर ही स्त्री त्यांत गेली. विल्यम्स मात्र १६७२ सालीं, सत्तरीला टेकला असतां, त्यांच्याशीं वाद करावयास स्वतः होडी वल्हवीत न्यूपोर्टला गेला. तीन दिवस तेथें व एक दिवस प्रॉव्हिडन्सला कडाक्याचा वाद झाला. पुढें त्यानें त्यांच्यावर जळजळीत ग्रंथही लिहिला. पण त्या वसाहतींतून क्वेकरांना कोणीं हांकलून दिलें नाहीं.