ड्यूकचा मोगरा

बाल्कनीतल्या कुंडीत मोगरा लावणाऱ्यांनो, त्याच्या एका जातीचं नाव 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' आहे! मला तर रागच आला. आपल्या मोगऱ्याला हा इटालियन सरदार कुठून चिकटला?

तर हे महाशय म्हणजे मेदिची घराण्यातला कोसिमो तिसरा (कारकीर्द १६७०-१७२३). भरगच्च पाकळ्यांचा हा मोगरा त्याच्याकडे गोव्याहून गेला. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लोच्या बागेत तो कुंड्यांतच वाढवला, कारण तिथली थंडी त्याला सोसत नाही. हिवाळ्यात कुंड्या आत. वर हुकूम काय, तर फांदी कुणालाही द्यायची नाही. (आपल्याकडे शेजारच्या काकू न मागताही देतात!)

इटालियनमध्ये त्याला 'मुगेरीनो' म्हणतात. जरा मोठ्याने म्हणून बघा, मोगराच ऐकू येतो. कास्तेल्लोत या कुंड्यांसाठी बांधलेली उबदार खोलीही याच नावाने ओळखली जाते, ड्यूकच्या नाही.