निशाणी बांगडी

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्याकडे पहिल्याने वंशावळ पुढे येते. मूळ पुरुषापासून फांद्या फुटत जातात आणि दर फांदीवर एकेका पुरुषाचे नाव असते. आमच्या वंशावळीतही खापरपणजोबांच्या वर त्यांचे वडील, त्यांच्या वर आजोबा, अशी सरळ रेघ आहे. ती रेघ तुटली होती आणि एका बाईने ती सांधली, ही हकीकत मात्र मला दप्तरात सापडली. माणसांची आणि गावाची नावे मुद्दामच देत नाही. ही कथा पुष्कळ घराण्यांची असू शकेल.

मूळ गोष्ट थोड्याशा इनाम जमिनीची. सनदेवर साल आहे ‘सलास सबैन मया व अलफ’. हा सुहूर सन, आकड्यात ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२ येते. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून ते पुढल्या उन्हाळ्यापर्यंत धरायचे. थोरले माधवराव पेशवे वारले ते याच साली.

पुढे राज्य गेले, इंग्रज आले. १८४८ साली दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले. ज्याने त्याने सनदा दाखवाव्या, वंशावळ द्यावी, आपला हक्क शाबीत करावा. त्या चौकशीचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले. पण बिघ्या-दोन बिघ्यांसाठी भांडणाऱ्यांचे कागद बहुधा रुमालांतच राहिले. मोडी शिकल्यावाचून ते बोलत नाहीत.

त्यातच एक कैफियत मिळाली. लिहून देणारी खापरपणजोबांची आई. नवरा वारला, पोटी संतान नाही, भाऊबंदांपैकी एकाचा धाकटा मुलगा दत्तक घेतला आहे, त्याचे नावे इनाम चालवावे, एवढाच मजकूर. आपल्या प्रांती विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट आज्ञेवाचूनही दत्तक घेता येई. पण शास्त्राने मुलगा झाला म्हणून सरकार त्याला इनामाचा वारस मानीलच असे नव्हते. ज्या काळात राजांचे दत्तक टिकत नव्हते, त्या काळात ही बाई चार बिघ्यांसाठी उभी राहिली.

कागदाच्या शेवटी कारकुनाने लिहिले आहे, ‘निशाणी बांगडी’, आणि शेजारी शाईचे एक वर्तुळ. लिहिता येणारा आपल्या हाताने सही करी, कुणबी नांगर काढी, बाई बांगडी. हिच्या हातात तेव्हा बांगडी नव्हती. पण कागदाचा रिवाज कागदाचा; त्याला सवाष्ण आणि विधवा हा भेद ठाऊक नव्हता.

१८६३ च्या कायद्यांनी तडजोड निघाली. ठराविक जुडी भरणाऱ्याचे इनाम फार खोदून न विचारता कायम झाले, तसे आमचेही झाले. त्यानंतरची नोंद नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहे. मुलगा आईला घेऊन गंगेवर आला आणि त्याने स्वदस्तुरचा लेख दिला. तिथे, साऱ्या कागदांत एकदाच, तिचे नाव नुसते तिचे म्हणून, ‘मातोश्री’ या शब्दापुढे आले आहे.

वंशावळ वारसासाठी लिहिली, कैफियत जमिनीसाठी, वही पिंडासाठी. ज्याला ज्याची गरज, त्याने तेवढेच माणूस टिपले. म्हणून पूर्वज शोधताना कागद काय सांगतो याच्या आधी तो कशासाठी लिहिला हे विचारावे. असे विचारू लागलो तेव्हा मला आणखी एक बाई दिसली. जिने आपला धाकटा मुलगा दुसरीच्या ओटीत घातला ती. मुलाच्या बापाचे नाव कैफियतीत आहे, वंशावळीत शेजारच्या फांदीवरही आहे. तिचे नाव कुठेच नाही. कोणत्याच कामाला ते लागत नव्हते.

मुंबई राज्याच्या १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामे गेली. ज्या जमिनीसाठी एवढे कागद झाले तिचे इनामपण संपले. वंशावळ मात्र मी नव्याने लिहिली आहे. खापरपणजोबांच्या वर आता दोन आया आहेत. एकीचे नाव वहीतून घेतले. दुसरीच्या जागी, कारकुनाची रीत पाळून, एक बांगडी काढली आहे.