आठ पानांत मावलेला टपाल तिकिटांचा इतिहास



टपाल तिकिटे जमवणे हा खात्यापित्या घरांचा छंद, चळवळीच्या पोरांना त्याचे काय, असे आम्हाला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बैठकीत तोंडावर विचारले गेले. प्रश्न रास्त होता. आमचे उत्तर असे की तिकीट म्हणजे सरकारने छापलेली आठवण असते. कोणाची आठवण ठेवायची आणि ती केव्हा ठेवायची, हे दिल्ली ठरवते. म्हणून आमच्यासाठी तिकिटाच्या चित्राइतकीच त्याची तारीखही महत्त्वाची आहे.

या तारखांवर आम्ही एक छोटी पुस्तिका केली. शहरात याला ‘झीन’ म्हणतात. झेरॉक्सचा एक साधा कागद, तीन घड्या, मधोमध कात्रीचा एक काप, की खिशात मावणारी आठ पाने तयार होतात. लिहायचे हाताने आणि झेरॉक्स काढायची चौकातल्या दुकानात. संपादक नाही, प्रकाशक नाही, कोणाची परवानगी नाही.

आता पुस्तिकेत काय आहे ते सांगतो. बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांनी सांगितलेले आपले तीन गुरू. आम्ही या तिघांची तिकिटे शोधली.

कबीर आले १ ऑक्टोबर १९५२ ला, संत आणि कवींच्या सहा तिकिटांच्या मालिकेत. तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर सोबत होते. वर्णव्यवस्थेला मानणारे तुलसीदास आणि तिच्यावर घाव घालणारे कबीर, दोघेही एकाच माळेत ‘संत’ म्हणून ओवले गेले. कबीरांचे तिकीट नऊ पैचे, म्हणजे मालिकेतले सर्वांत स्वस्त.

बुद्ध आले २४ मे १९५६ ला, २५०० व्या जयंतीनिमित्त. दोन तिकिटे निघाली, दोन आण्यांचे आणि चौदा आण्यांचे. सरकारने बुद्धाला प्राचीन वारसा म्हणून वंदन केले. पाच महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो माणसांसह त्याच बुद्धाचा धम्म स्वीकारला. तिकिटावरचा बुद्ध सर्वांना चालला. माणसाला जातीतून बाहेर काढणारा बुद्ध मात्र अनेकांना पचला नाही.

तिसरे गुरू महात्मा फुले. त्यांचे तिकीट निघाले २८ नोव्हेंबर १९७७ ला, स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी. शिष्याचे तिकीट त्याआधीच, १४ एप्रिल १९६६ ला, आले होते. म्हणजे शिष्य आधी आणि गुरू अकरा वर्षे मागून.

बाबासाहेबांचे तिकीट तरी केव्हा आले? महापरिनिर्वाणानंतर नऊ वर्षांहून अधिक काळाने. पंडित नेहरू २७ मे १९६४ ला गेले आणि १२ जूनला त्यांचे तिकीट निघाले, अवघ्या सोळा दिवसांत. नेहरूंचा सन्मान आम्हाला खुपत नाही. पण सरकारने मनावर घेतले तर किती दिवस लागतात, हे यावरून कळते.

सर्वांत बोलके पान सावित्रीमाईंचे. मुलींच्या शाळेचे काम १८४८ पासून दोघांनी मिळून केले. जोतिबांना तिकीट १९७७ ला मिळाले, सावित्रीमाईंना १० मार्च १९९८ ला. नवरा-बायकोच्या सन्मानात वीस वर्षांहून अधिक अंतर! जातीने जोतिबांना थांबवले असे म्हणाल, तर सावित्रीमाईंना त्यापुढे आणखी कोणी थांबवले, हे आपल्या चळवळीतल्या पुरुषांनीही स्वतःला विचारावे.

हे भारतातच घडते असेही नाही. अमेरिकेत टपाल तिकिटे १८४७ पासून निघतात. तिथे तिकिटावर पहिला कृष्णवर्णीय माणूस आला तो १९४० साली, बुकर टी. वॉशिंग्टन.

काही मित्र म्हणतात, उशिरा का होईना, सन्मान झाला ना? झाला. पण तिकिटाने पोटाला भाकरी मिळत नाही, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही आणि अत्याचाराचा खटलाही पुढे सरकत नाही. तिकीट छापणे सोपे आहे, विचार अंमलात आणणे अवघड. म्हणून तिकीट चिकटवहीत ठेवून हात जोडायचे नाहीत. त्याच्या शेजारी तारीख लिहायची आणि प्रश्न लिहायचा.

छोटा कागद आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. दुसऱ्याच्या कागदावर जागा मिळत नाही म्हणून बाबासाहेबांनी स्वतःचा कागद काढला. आमची आठ पाने त्या पत्रापुढे काहीच नाहीत, पण धडा तोच आहे.

शेवटचे पान आम्ही कोरे सोडले आहे. त्यावर तिकिटाची फक्त चौकट आहे. १९५६ साली आपल्या गावातून नागपूरला कोण गेले होते? देव्हाऱ्यातले देव पहिल्यांदा कोणी बाहेर काढले? त्या आजी-आजोबांवर सरकार तिकीट काढणार नाही. त्यांचे नाव तुम्ही लिहा, चित्र घरातल्या पोरांना काढू द्या. दिग्रस, उमरखेड, वणी, पांढरकवडा, जिथे असाल तिथे जयंतीच्या आधी एक कागद घ्या आणि घडी घाला. विहारात दहा प्रती ठेवल्या तरी पुरे.

जयभीम!