गादीची पाळी

‘पाळीचे बिशप’ : लेखकाने हा शब्द सहज टाकला आहे, खुलासा हवा. मुंबई आर्चडायोसिसमध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १९२८च्या करारानुसार आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, असा क्रम ठरला. पाद्रुआदो, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा चर्चवरचा हक्क, आणि थेट रोमचा कारभार यांच्या जुन्या भांडणावरचा हा तोडगा. भक्तांना कुणी विचारले नव्हते, हे सांगायला नकोच. त्याप्रमाणे पोर्तुगीज जोकिम लिमा आले, १९३७ मध्ये इंग्रज थॉमस रॉबर्ट्स. रॉबर्ट्स मात्र वेगळेच निघाले : भारतीय माणसाला जागा मिळावी म्हणून ते १९४६ मध्येच बाजूला झाले, आणि पोर्तुगालने हक्क सोडल्यावर १९५० मध्ये रीतसर पायउतार झाले. मग कराचीत जन्मलेले गोवेकर व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनलही. पुढे सायमन पिमेंटा, आयव्हन डायस, ओस्वाल्ड ग्रेशस आणि २०२५ पासून जॉन रॉड्रिग्ज. स्थानिक माणसाला गादी मिळायला इतरत्रही उशीर लागला : प्रत्यक्ष जेरुसलेमच्या लॅटिन गादीवर पहिला पॅलेस्टिनी, मिशेल सब्बाह, १९८७ मध्ये नेमला गेला.

— संपादक