मोती, मोहरा आणि तारयंत्र

लष्करी संदेशवहनाचा इतिहास बहुधा यंत्रांपासून सांगितला जातो. तारयंत्र आले, मग बिनतारी आले, अशी ती साखळी असते. आम्हां भाषेच्या अभ्यासकांना मात्र वाटते की या इतिहासाचे पहिले साधन यंत्र नसून संकेत आहे. संकेत म्हणजे दोन माणसांनी आधी ठरवून घेतलेला अर्थ. तो ठरलेला नसेल तर डोंगरावरचा जाळ हा केवळ जाळ असतो. १६७० साली सिंहगड घेतल्यावर मावळ्यांनी गडावरील पागेला आग लावली आणि तिचा उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे सभासद बखर सांगते. एक शब्दही न उच्चारता बातमी पोहोचली ती यामुळेच.

पानिपतच्या मोहिमेत नेमके हेच सूत्र तुटले. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठी फौज व दिल्ली यांच्या मध्ये आला. रसद तुटली हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण त्याच वाटेने जासूद आणि हरकारेही ये-जा करीत असत, हे आपल्या ध्यानी येत नाही. अन्नाइतकीच बातमीचीही उपासमार झाली. छावणीची खरी अवस्था वेळेवर न कळल्यामुळे नानासाहेब पेशवे माळव्यापर्यंत आले तरी त्यांच्या येण्याचा भाऊसाहेबांना उपयोग होऊ शकला नाही.

१४ जानेवारी १७६१ च्या संहाराची वार्ता पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ग्रँट डफनेही १८२६ च्या आपल्या इतिहासात ती नोंदवली आहे. दोन मोती विरघळले, कित्येक मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची तर मोजदादच नाही, असा तिचा आशय. मोहरांचा आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा आढळतो. मोती मात्र दोनच, भाऊसाहेब आणि विश्वासराव.

वर्गात आपण रूपक हा अलंकार म्हणून शिकवतो. येथे ते संरक्षक कवच आहे. पत्र परक्याच्या हाती पडले तर त्याला व्यापारातली खोट दिसावी आणि आपल्या माणसाला मात्र सारे उमगावे, अशी ही रचना. पण हे रूपक आणखीही काही सांगून जाते. मोती, मोहर, खुर्दा ही उतरंड माणसांच्या किमतीची आहे. मोत्यांना नावे आहेत, खुर्द्याला गणतीही नाही.

याच दिल्ली-अंबाला पट्ट्यात ९६ वर्षांनी दुसरा संदेश धावला. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारघरातील ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या तरुणांनी उठावाची खबर तारेने अंबाल्याला कळवली. पानिपतची वार्ता माळव्यात पोहोचण्यास दिवसांमागून दिवस लागले होते. ही त्याच दिवशी पोहोचली. इंग्रजांनी १९०२ साली काश्मिरी दरवाजाजवळ त्याचे स्मारक उभारले आणि तारघरातील कर्मचाऱ्यांची नावे दगडात कोरली. जेत्यांच्या तारबाबूला शिलालेख लाभला; आमच्या हरकाऱ्याचे नाव कोठेच नाही.

भारतीय लष्कराच्या सिग्नल दलाची परंपरा १५ फेब्रुवारी १९११ पासून मोजली जाते आणि जबलपूरला त्या दलाचे संग्रहालय आहे. अशी संग्रहालये आवश्यकच आहेत. सर्वसामान्यांची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाल्यानंतर तर 'कट्ट-कडकट्ट' हा ध्वनीही पुढच्या पिढीला तेथेच भेटणार. परंतु काचेच्या कपाटात यंत्र ठेवता येते, धावणारा माणूस ठेवता येत नाही. त्याची खूण उरते ती त्याने वाहून नेलेल्या कागदात. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो पानिपतपर्यंतच्या पत्रांचाच. पुण्याचे पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ ही त्या अर्थाने आपली संदेशवहनाची संग्रहालयेच होत.

त्यांची किल्ली मोडी लिपी आहे आणि ती वाचणारे हात कमी होत चालले आहेत. संकेत जाणणारा दुसरा माणूस उरला नाही, तर पोहोचलेले पत्रही न पोहोचल्यासारखेच. मराठीच्या अभ्यासक्रमात मोडीला जागा असावी, हा आमचा आग्रह म्हणूनच केवळ लिपीप्रेमाचा नाही. खुर्द्यात गेलेल्यांपैकी काहींची नावे आजही त्या रुमालांत वाचली जाण्याची वाट पाहत असतील.