डोळ्यातील कुसळ आणि पारपटलाचा व्रण

रायगड जिल्ह्यात राजपुरी खाडीवरील आगरदांड्याच्या परिसरात दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी सुरू होते. कापणी-झोडणीत डोळ्याला पाते लागणे वा कुसळ जाणे नवे नाही. म्हणीतले कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात दिसते. हे स्वतःच्या डोळ्यात रुतूनही दुर्लक्षिले जाते.

पारपटल हा डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असून त्यात रक्तवाहिन्या नसतात. ओरखड्यातून फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस ही बुरशी आत शिरल्यास व्रण होतो. तो भरून आला तरी पांढरा डाग उरतो. यालाच ‘फूल पडणे’ म्हणतात.

दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नॅटामायसिन हे जुने औषध नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमच्या संसर्गात. त्याहून बोलके संशोधन नेपाळमधील भक्तपूरचे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, ओरखड्यानंतर १८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉल मलम सुरू केलेल्या एकाही रुग्णास व्रण झाला नाही. मलम देणारे होते गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्ते.

याउलट, लाली उतरावी म्हणून परस्पर घातलेले स्टिरॉइडचे थेंब बुरशीला बळच देतात. व्रण खरवडून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यास बुरशी ओळखता येते. दृष्टी झाकोळणारे फूल पडल्यावर मात्र नेत्रदानातून मिळालेल्या पारपटलाचे रोपण हाच मुख्य मार्ग उरतो. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये केली.