जन्म इथला, देश कुठला?

मालेगावचा इतिहास हा स्थलांतराचा इतिहास आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातले मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले आणि मोसम नदीच्या काठी वसले. त्यांच्याजवळ हातमागाचे कसब होते, नागरिकत्वाचा कागद नव्हता. असा कागद तेव्हा कुणाजवळच नव्हता.

त्याच मालेगावात जानेवारी २०२५ मध्ये उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले दिल्याचा आरोप होता. खोटे दाखले पकडले जावेत, याबद्दल वाद नाही. पण यामागचा एक प्रश्न कुणीच विचारत नाही. आईबाप विनापरवाना सीमा ओलांडून आले. त्यांचे जे मूल इथे जन्मले, किंवा कडेवर आले आणि इथेच मोठे झाले, त्याचे काय करायचे?

आपल्या कायद्याने या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात मोजके अपवाद सोडले तर भारतात जन्मलेला प्रत्येक जण नागरिक होता. आईबाप कोण, हे कायदा विचारत नव्हता. आसाम आंदोलनानंतर हे बदलले. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक जण नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून, एक जण नागरिक असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित असता कामा नये, अशी अट आली.

याचा अर्थ समजून घ्या. दोघेही आईबाप कागदांविना आलेले. थोरला मुलगा १९८६ साली इथे जन्मला, तो भारतीय. धाकटा १९९० साली त्याच घरात जन्मला, तो परका. आणि जे मूल कडेवर आले, त्याला कायदा बेकायदा स्थलांतरितच म्हणतो. आले तेव्हाचे वय विचारत नाही. कितीही वर्षे इथे राहिले तरी नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची वाट त्याला बंद.

२०१९ च्या दुरुस्तीने ही वाट थोडी उघडली. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी. मुसलमानांसाठी नाही. एकाच गल्लीत वाढलेल्या दोन मुलांमध्ये धर्माची भिंत उभी राहिली.

हद्दपारीचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस जरीकाम करणाऱ्या बंगाली मुसलमानांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने नेत होते. हावड्याजवळच्या उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. हे आमचेच नागरिक आहेत, अशी तक्रार तेव्हा पश्चिम बंगालमधून झाली. जून २०२५ मध्ये पुन्हा तेच. महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि भारतीय असल्याचे समजल्यावर परत आणावे लागले. ज्यांच्याजवळ कागद होते त्यांची ही गत, तर ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांची काय कथा?

अमेरिकेने २०१२ मध्ये, सोळा वर्षांच्या आत तिथे आणल्या गेलेल्या तरुणांना हद्दपारीतून तात्पुरती सूट आणि कामाचा परवाना दिला. नागरिकत्व दिले नाही, आणि ती सूट आजही कोर्टकचेऱ्यांत अडकली आहे. पण बापाचा गुन्हा लेकरावर लादू नये, एवढे तरी त्या देशाने मान्य केले.

सीमेचे रक्षण हा देशाचा हक्क आहे. पण इथल्या शाळेत शिकलेल्या, इथेच लग्न केलेल्या तिशीतल्या माणसाला त्याने कधी न पाहिलेल्या गावी सोडून देणे म्हणजे रक्षण नव्हे. त्याच्या शाळेचे रजिस्टर आणि इथे काढलेली वर्षे पुरावा म्हणून पाहिली जावीत, आणि निर्णय न्यायालयात त्याचे म्हणणे ऐकून व्हावा. सीमा त्याने ओलांडलीच नव्हती. ओलांडली असेल तर आईच्या कडेवर बसून.